वृद्धाश्रमातील औषधाविना वेदनाशमन

वृद्धाश्रमातील औषधाविना वेदनाशमन म्हणजे तेथील वृद्धांच्या वेदना शेक, हालचाल, मर्दन, संगीत व सहवास यांच्या साहाय्याने कमी करण्याची पद्धत होय. ही पद्धत औषधांना पर्याय नसून पूरक आहे. उतारवयात जठर व मूत्रपिंडे नाजूक होतात, त्यात रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या चालू असतात. त्यामुळे वेदनाशामके जपूनच द्यावी लागतात.

वेदना ओळखणे

खरी अडचण उपायांची नाही, वेदना कळण्याची आहे. 'वय झाले, आता दुखायचेच' अशी वृद्धांची आणि सेवकांचीही समजूत असते. बीड जिल्ह्यात ऊसतोडणीत हयात गेलेल्या अनेकांचे मणके व गुडघे मोळ्या वाहून झिजलेले असतात. तक्रार करण्याची मात्र त्यांना सवय नसते. अशांना 'दुखते का?' यापेक्षा 'कूस वळताना जाग येते का?' असे विचारणे उपयुक्त ठरते.

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीस तेही सांगता येत नाही. तिच्यासाठी २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'पेनॅड' मापनश्रेणीत श्वास, कण्हणे, चेहरा, देहबोली आणि समजावल्यावर शांत होणे या ५ बाबींना प्रत्येकी ० ते २ गुण देतात. अंघोळीच्या वेळी हात झटकणाऱ्या आजींना हट्टी ठरवण्यापूर्वी त्यांचा खांदा तपासावा, हे उत्तम.

उपाय

मेल्झॅक व वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या 'द्वार-नियंत्रण' सिद्धान्तानुसार स्पर्शाच्या संवेदना मज्जारज्जूतच वेदनेच्या संदेशांना अटकाव करतात. दुखरा भाग चोळल्यावर बरे वाटते ते यामुळे. आखडलेल्या सांध्यांना कापडात गुंडाळलेल्या पिशवीने १५-२० मिनिटे शेक देतात. मधुमेहामुळे पायांची संवेदना गेलेल्यांना शेक देऊ नये. भाजल्याचे त्यांना कळत नाही. पाय एकाएकी सुजला असल्यास मर्दन टाळावे, कारण आत रक्ताची गुठळी असू शकते. गुडघेदुखीत पूर्ण विश्रांतीपेक्षा खुर्चीवरून सावकाश उठण्या-बसण्याचा रोजचा सराव हितकर असतो.

भजन, जात्यावरच्या ओव्या, परिचित माणसाशी गप्पा यांनी लक्ष वेदनेवरून हटते. एकटेपणाने वेदना वाढते, हे सिसिली साँडर्स यांच्या 'सर्वांगीण वेदना' या संकल्पनेतही अभिप्रेत आहे. भारतातील पहिले हॉस्पिस, 'शांती आवेदना सदन', १९८६ मध्ये मुंबईत सुरू झाले.

मर्यादा

पडल्यानंतरची तीव्र वेदना, छातीत दुखणे, ताप किंवा अचानक आलेला लुळेपणा यांत शेक-मर्दनात वेळ घालवू नये. घाटनांदूरसारख्या गावातून अशा रुग्णास अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेता येते.