टकटक किती, मात्रा किती?

ऐका रे पोरांनो. आपल्या मुलखात दोन जातींचा दगड. लातूरकडचा काळा फत्तर म्हणजे थिजलेला लाव्हा, बेसाल्ट. नांदेड जिल्ह्यात, देगलूरकडं गेलं की ग्रॅनाइट उघडा पडलेला दिसतो. लातूरला तसला खडक नाही असं नाही, तो खाली गाडला गेलाय. ३० सप्टेंबर १९९३ ला लातूर जिल्ह्यात किल्लारीला भूकंप झाला. पुढं शास्त्रज्ञांनी तिथं ६१७ मीटर खोल भोक पाडलं. ३३८ मीटर बेसाल्ट संपला, थोडा गाळाचा थर गेला, अन् खाली तो जुना खडक लागला.

आता या दोन दगडांवर गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सार मोजायचं यंत्र, धरला, तर ग्रॅनाइटवर टकटक जास्त होते. त्यात युरेनियम, थोरियम जास्त, अन् पोटॅशियम तर कैक पटींनी जास्त. पोटॅशियमच्या दहा हजार अणूंत एखादा पोटॅशियम-४० असतो. तो सव्वाशे कोटी वर्षांत निम्मा होतो, इतका सावकाश. तरी एका ग्रॅम पोटॅशियममधून दर सेकंदाला सुमारे २८ बीटा कण सुटतात. बीटा कण म्हणजे अणूच्या गाभ्यातून सुसाट निघालेला इलेक्ट्रॉन.

"मग आजोबा, टकटक दुप्पट झाली की धोका दुप्पट?"

थांब. पत्र्यावर पडलेले थेंब मोजून जमिनीत ओल किती वीत उतरली ते कळतं का? काउंटर थेंब मोजतो. शरीराला लागते ती मात्रा म्हणजे ओल. पुष्कळ काउंटरांचा मायक्रोसिव्हर्टचा, म्हणजे मात्रेच्या मापाचा, आकडा सीझियम-१३७ च्या गॅमा किरणांवर जुळवलेला असतो. बीटासमोर तो आकडा फसवा.

खरा हिशोब पायरीपायरीनं करायचा. समजा, तळहातावर बीटा सोडणारी धूळ बसली. काउंटरची खिडकी १५ चौरस सेंटिमीटरची. आसपासची नेहमीची टकटक वजा करून सेकंदाला ३० टकटक उरली. पाच कणांतला एकच काउंटरला सापडतो असं धरू, म्हणजे खरे कण १५०. क्षेत्रफळानं भागलं की दर चौरस सेंटिमीटरला सेकंदाला १०, म्हणजे १० बेकरेल; सेकंदाला एक अणू फुटला की एक बेकरेल. कण चांगल्या जोराचे असतील, तर त्वचेच्या चौरस सेंटिमीटरवरच्या प्रत्येक बेकरेलमागं तासाला दीड-दोन मायक्रोसिव्हर्ट. म्हणजे त्वचेला तासाला पंधरा ते वीस.

ही मात्रा ०.०७ मिलिमीटर खोलीवर धरतात, कारण वरच्या मेलेल्या कातडीखाली जिवंत पेशी तिथून सुरू होतात. कण दुबळे असतील तर तिथवर पोचतच नाहीत. पोटॅशियम-४० चा जोरकस कणही मांसात पाच-सहा मिलिमीटरांत थांबतो. काळीज, फुप्फुस त्याच्या टप्प्याबाहेर. म्हणून किरणोत्साराशी काम करणाऱ्या कामगारांना वर्षाकाठी त्वचेला ५०० मिलिसिव्हर्टपर्यंत मुभा, सगळ्या शरीराला मात्र सरासरी २०.

पण तसले कण सोडणारा अणूच पोटात गेला की गणित उलटतं. मग कणाची काही मिलिमीटरांची धाव पुरते. सगळी शक्ती आतच मुरते. अन् तसला अणू आपल्या आत आहेच. सत्तर किलोच्या माणसात दर सेकंदाला चार हजारांहून जास्त पोटॅशियम-४० चे अणू फुटतात, तुमच्या या आजोबातसुद्धा. वर्षाची मात्रा मिलिसिव्हर्टचा जेमतेम सहावा हिस्सा. म्हणून कुणी नुसती टकटक सांगून घाबरवलं, तर आधी विचारा: कण किती जोराचा, किती जागेवर पसरलाय, अन् अंगावर आहे की अंगात?