तुंबलेली मोरी आणि फडताळातला सोडा

दिवाळीच्या फराळाची लगबग संपत आलेली असते, चकल्यांचा शेवटचा घाणा कढईतून निघालेला असतो, भांड्यांचा ढीग घासायला घ्यावा असा विचार मनात येतो आणि नेमक्या त्याच वेळी स्वयंपाकघरातील मोरी पाणी घेईनाशी होते. हा अनुभव आमच्या वाचक भगिनींपैकी किती जणींना आला असेल, त्याची गणती करणे कठीण आहे. यात योगायोगाचा भाग थोडा आणि हवामानाचा अधिक. आमच्या इंदुरात कार्तिक लागला की पहाटेचा गारवा जाणवू लागतो, फडताळातील तूप थिजते, आणि जे बरणीत थिजते ते मोरीच्या नळीतही थिजते.

काही वर्षांपूर्वी अशाच एका दिवाळीत आमच्या घरची मोरी तुंबली. पाहुणे दुसऱ्या दिवशी यायचे होते, म्हणून दुकानातून कॉस्टिक सोड्याची पुडी आणवून ती आम्ही मोरीत रिकामी केली. तासाभराने पाणी तसूभरही हलले नव्हते, म्हणून आणखी एक पुडी ओतली. तरीही काही होईना, तेव्हा मोहल्ल्यात सफाईचे काम करणाऱ्या एका गृहस्थांना बोलावले. ते आले, ओट्याखाली बसले, त्यांनी नळीची फिरकी सैल केली आणि आतले पाणी एकदम त्यांच्या मनगटावर व चेहऱ्यावर उडाले. नळीत काय ओतले आहे ते त्यांना सांगावे, हे आमच्यापैकी एकालाही सुचले नव्हते. नळाच्या वाहत्या पाण्याखाली त्यांचा डोळा वीस मिनिटे धरला आणि मग दवाखाना गाठला. दृष्टी वाचली, परंतु मनगटावरचा डाग अजून आहे. त्या वेळी ते एवढेच म्हणाले, "पहले बता देते, साहब." मोरी साफ करण्याच्या घरगुती उपायांकडे आम्ही वळलो ते काटकसरीपायी नव्हे, या चार शब्दांनंतर वळलो.

जुन्या वाड्यातल्या मोरीचे शास्त्र निराळे होते. दगडी फरशी, एका कोपऱ्यात उतार, भिंतीला भोक आणि पलीकडे उघडी नाली. काही अडकलेच तर खराट्याची काडी पुरे होई. भांडी राखेने आणि काथ्याने घासली जात, आणि राखेत क्षाराचा अंश असल्यामुळे तेलकटपणा जागच्या जागीच सुटत असे. आमच्या घरातील वयोवृद्ध काकू अजूनही म्हणतात, "तेव्हा मोरीत काय जातंय ते वाकून बघावं लागे. तुम्ही उभ्यानं धुता, तुम्हाला दिसणार कसं?" काकूंचे म्हणणे खोटे नाही. मात्र त्यांच्या आग्रहाखातर आजच्या नळीत कोणी राख ओतू नये. उघड्या नालीत ती वाहून जाई. बंद नळीत ती तळाशी बसते आणि तुपाशी मिळून सिमेंटासारखी घट्ट होते.

आजच्या ओट्याखाली पाहिले तर नळीला एक वाकण दिलेले असते, किंवा वाटीसारखे एक भांडे बसवलेले असते. त्यात थोडे पाणी सदैव साठून राहते आणि तेवढ्याच पाण्याच्या पडद्याने गटाराची दुर्गंधी घराबाहेर राहते. संडासाच्या नळीसाठी असे वाकण अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने १७७५ साली पेटंट करून घेतले. तीच युक्ती आज घरोघरी आहे. दुर्गंधी अडवणारी ही जागाच गाळही अडवते, आणि दहांतील आठ वेळा खोळंबा येथेच असतो असे आमचे निरीक्षण आहे.

हा गाळ असतो तरी कशाचा? मुख्यतः स्निग्ध पदार्थांचा. खोबरेल तेल चोवीस-पंचवीस अंशांखाली गोठते, साजूक तूप तिशी ओलांडल्यावर पुरते पातळ होते, आणि वनस्पती तुपाला त्याहूनही अधिक उष्णता लागते. कढईतून गरम असताना ते सहज वाहते, हातभर अंतरावर थंड नळीला चिकटते, मग चहाचा चोथा, भाताची शिते, डाळीची टरफले त्यावर येऊन बसतात. त्यात पाणी जड असेल तर आणखी भर पडते. नर्मदेचे पाणी १९७८ साली इंदुरात आले खरे, तरी पुष्कळ वस्त्यांत त्याला बोअरिंगच्या पाण्याची जोड असते, आणि माळव्याच्या काळ्या खडकातून आलेल्या या पाण्यात चुन्याचा अंश बराच असतो. चुना, साबण आणि तूप यांच्या संयोगातून न विरघळणारा पांढरट साका तयार होतो. बादलीच्या कडेला जो बसतो तोच हा.

आता त्या बहुचर्चित उपायाकडे वळू. मोरीत खाण्याचा सोडा टाकावा, वर शिरका ओतावा, फेस उसळतो आणि मोरी मोकळी होते, असे शेजारणीपासून नातलगांपर्यंत सर्व जण सांगतात. येथील किराणा दुकानात हाच सोडा 'मीठा सोडा' म्हणून मागावा लागतो, नाहीतर दुकानदार धुण्याचा सोडा पुढे करतो. हा भेद पुढे महत्त्वाचा ठरणार आहे. फेस उसळतो हे खरे. तो कार्बन डायऑक्साइड वायूचा असतो आणि त्याने जाळीवरचा सैल मळ हलतो, वासही कमी होतो. परंतु सोडा क्षार आणि शिरका आम्ल. दोघे एकत्र आले की एकमेकांना निष्प्रभ करतात आणि मागे उरते ते किंचित खारट पाणी. ते तूप विरघळवीत नाही. वायूचा जोर मोठा असेल म्हणावे, तर त्याला वरची वाट मोकळी असतेच, तो घट्ट बोळ्याला ढकलण्याच्या भानगडीत पडत नाही. शिवाय प्रमाणाचाही घोटाळा असतो. अर्धी वाटी सोडा आणि वाटीभर शिरका असे सांगितले जाते. वास्तविक चार-पाच टक्के आम्लाचा १०० मिलिलिटर शिरका जेमतेम ६-७ ग्रॅम सोडा, म्हणजे चहाचा दीड चमचा, संपवतो. उरलेला सोडा न विरघळता वाकणात जाऊन बसतो आणि तुंबलेल्या मोरीत आणखी एका पदार्थाची भर घालतो. फेस पाहून समाधान होते एवढेच. आम्हीही ते अनेकदा करून घेतले आहे.

तर मग करावे काय? आधी मोरीत साठलेले पाणी मगाने काढून बादलीत भरावे. रबरी दट्ट्या तोंडावर बसवून, दुसरे तोंड असल्यास ते ओल्या फडक्याने दाबून धरून, पंधरा-वीस झटके द्यावेत. पुष्कळदा येथेच काम भागते. वेग मंदावला आहे पण पाणी थोडे तरी जाते आहे, अशा वेळी गरम पाणी हा सर्वांत गुणकारी उपाय. मात्र हल्लीच्या नळ्या प्लास्टिकच्या असतात आणि उकळत्या पाण्याने त्या मऊ होऊन सांधे सुटतात. म्हणून एक तांब्या उकळते आणि एक तांब्या नळाचे पाणी असे मिसळावे. साधारण साठ अंशांचे ते पाणी वनस्पती तूपही वितळवते आणि नळीलाही सोसते.

याच पाण्यात क्षार मिसळला तर अधिक चांगले, आणि येथे धुण्याचा सोडा उपयोगी पडतो. खाण्याच्या सोड्याहून तो कितीतरी तीव्र, तरी कॉस्टिकइतका दाहक नव्हे. तो घरात नसेल तर खाण्याच्या सोड्यापासून करता येतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. लोखंडी कढईत खाण्याचा सोडा मध्यम आचेवर परतत राहावे. आधी तो उकळल्यासारखा हलतो, त्यातून वाफ आणि वायू निघून जातात आणि खळबळ थांबली की उरतो तो धुण्याचा सोडा. १०० ग्रॅमचे ६३ ग्रॅम होतात. ॲल्युमिनियमचे भांडे मात्र घेऊ नये, क्षाराने ते खाल्ले जाते. यातील दोन मोठे चमचे तांब्याभर गरम पाण्यात विरघळवून, हातात रबरी मोजे घालून, रात्री शेवटचे भांडे धुऊन झाल्यावर मोरीत सावकाश ओतावे आणि सकाळपर्यंत तेथे दुसरे पाणी टाकू नये. नळीला चिकटलेल्या तुपाचा काही अंश त्याने सुटतो, काही अंशाचा तर साबणच होतो. सकाळी पुन्हा गरम पाणी सोडावे.

शिरका व लिंबू निरुपयोगी आहेत असा याचा अर्थ नव्हे. त्यांचे क्षेत्र वेगळे. नहाणीच्या जाळीवर, नळाच्या तोंडाशी चुन्याचा जो पांढरा थर बसतो त्यावर शिरक्यात भिजवलेले फडके तासभर गुंडाळून ठेवले तर तो थर सुटतो. मिठाचा उपयोग खरखरीतपणापुरता. जाळी घासायला ते चांगले. चिंचेने तांब्या-पितळेची भांडी उजळतात, पण तिचा चोथा नळीत गेला तर स्वतःच मोरी तुंबवतो.

आणि भजी-पाटवड्यांचे पीठ असेल तर गरम पाण्यालाही मज्जाव! बेसन व मैदा गरम पाण्यात शिजून खळ होतात आणि नळीत लुकणासारखे चिकटतात. पिठाचे भांडे आधी गार पाण्याने धुवावे, तेही पीठ बोटाने पुसून कचऱ्यात टाकल्यानंतर. फराळाच्या दिवसांत आमच्याकडे निम्मी गडबड या एकाच चुकीमुळे होत असे.

आता जे मुळीच करू नये ते. ब्लीचिंग पावडर आणि कोणतेही आम्ल, मग ते शिरक्यासारखे सौम्य का असेना, एकत्र येऊ देऊ नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो आणि बंद नहाणीत तो जीवावर बेततो. कॉस्टिक आणि ॲसिड एकापाठोपाठ ओतणे म्हणजे उकळते पाणी तोंडावर उडवून घेणे. कॉस्टिक पुरेशा पाण्याविना पडले तर तुपाशी मिळून नळीतच दगडासारखे घट्ट होते. आमच्या त्या दिवाळीत बहुधा हेच झाले असावे. ते अंगावर किंवा डोळ्यात उडालेच तर "क्षारावर आम्ल" असे म्हणून लिंबू पिळण्याचा आततायीपणा करू नये. भरपूर वाहते पाणी, निदान वीस मिनिटे, आणि मग डॉक्टर.

आपल्या शहराला मोऱ्या-गटारांचा विचार नवा नाही. पॅट्रिक गेडीस यांनी इंदूर दरबारसाठी नगररचनेचा जो दोन खंडांचा अहवाल लिहिला तो १९१८ साली प्रसिद्ध झाला. नदी, नाले आणि सांडपाणी यांचा विचार त्यात विस्ताराने आहे. त्याच सुमारास त्यांनी दिवाळीची एक मिरवणूक काढवली आणि तीत शहर झाडणाऱ्यांना मानाचे स्थान दिले. अलीकडे २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात इंदुराने जो लौकिक मिळवला त्याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. २०१३ च्या कायद्यानुसार संरक्षक साधनांविना गटाराची वा मैल्याच्या टाकीची धोकादायक सफाई कोणाकडूनही करवून घेणे हा गुन्हा आहे. ओट्याखालच्या वाटीला तो कायदा लागू होतो की नाही हा वकिलांचा विषय. ती वाटी उघडणारा हात मात्र तसाच उघडा असतो.

म्हणून आमच्या घरात आता दोन गोष्टी ठरल्या आहेत. तळणीचे उरलेले तेल मोरीत जात नाही. ते गार झाल्यावर बाटलीत भरले जाते, आणि कढई धुण्यापूर्वी रद्दी कागदाने पुसली जाते. कागदावर निघणारे तूप पाहिले की एरवी किती नळीत जात होते याची कल्पना येते. दुसरी गोष्ट अशी की कोणालाही मोरी उघडायला बोलावले तर दारातच काय ओतले आहे ते सांगायचे, आणि काही ओतलेले नसेल तर तेही सांगायचे.

गेल्या पावसाळ्यात मोरी पुन्हा अडली. दट्ट्या झाला, गरम पाणी झाले, रात्रभर सोड्याचे पाणी झाले, उपयोग शून्य. तेच गृहस्थ आले. दारातच आम्ही सांगितले, "धुण्याचा सोडा टाकला होता, सकाळी भरपूर पाण्याने धुतला आहे, आणखी काही नाही." आमचे रबरी मोजे त्यांच्यापुढे केले. त्यांनी ते घातले, वाटीखाली बादली सरकवली आणि फिरकी उघडली. आतून निघाला तो मिसळणाच्या डब्यातला चमचा, आठ महिन्यांपूर्वी हरवलेला, ज्यावरून घरात बरेच आरोप-प्रत्यारोप होऊन गेले होते.

एखादी मोरी अडणे आणि स्वयंपाकघर, नहाणी, संडास यांचे पाणी एकाच वेळी चढणे यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारात खोळंबा घराबाहेरच्या चेंबरमध्ये असतो. तेथे फडताळातला कोणताही डबा उघडून उपयोग नाही. घरातले नळ बंद करावेत, आणि नगरपालिकेची यंत्राची गाडी बोलवावी.