खाडीकाठची बकरी, कोंबडी आणि जिताडा

राजपुरी खाडी समुद्राला मिळते तिथे दक्षिण तीरावर, श्रीवर्धन तालुक्यात, दिघी आहे. पलीकडे मुरूड तालुक्यातले आगरदांडा आणि राजपुरी, आणि खाडीच्या मुखाशी जंजिरा. मागे डोंगर, पुढे पाणी आणि मधे भाताला जेमतेम पुरणारी जमीन. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, तरी एप्रिलमध्ये विहिरींचा तळ दिसू लागतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवाव्या लागतात, कारण समुद्रातल्या मासेमारीला बंदी असते. भाताचे पीक एकच. बागायतीचा भरवसा ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळाने मोडला. पडलेल्या पोफळीच्या जागी नवी लावली तरी सुपारी हाती यायला पाच-सात वर्षे जातात.

जनावरे आणि मासे पाळणाऱ्या इथल्या कुटुंबाला म्हणूनच उत्पन्न किती, याच्याआधी ते केव्हा हाती येते, हे पाहावे लागते. शंभर शेळ्यांचा नाहीतर हजार कोंबड्यांचा ‘प्रकल्प’ कागदावर देखणा दिसतो. पण खाडीकाठच्या घराला चार-पाच बकऱ्या, डालगेभर कोंबड्या आणि एखादे तळे अधिक मानवते, कारण यांतला प्रत्येक जीव वर्षाच्या वेगळ्या वेळी पैसा देतो.

कोंबडी सर्वांत लवकर देते. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी घालते. पोल्ट्रीच्या कोंबडीपुढे हा आकडा क्षुल्लक आहे. मात्र ती स्वतः खुडूक बसते, २१ दिवसांत पिल्ले काढते, ती स्वतःच वाढवते आणि अर्धे पोट अंगणात भरते. बाजारात तिला आणि तिच्या अंड्याला भावही जास्त मिळतो. मुंगूस, घार आणि रानमांजर पिल्ले कमी करतात. मानमोडीची साथ मात्र अख्खे खुराडे एका आठवड्यात रिकामे करते. पहिल्या आठवड्यात नाकात किंवा डोळ्यात लासोटा लशीचा थेंब आणि पुढे वेळेवर पुन्हा लस, एवढ्याने ती टळते. लशीची एक कुपी शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांना पुरते आणि फोडल्यावर थोड्याच वेळात वापरावी लागते. त्यामुळे आळीतल्या बायकांनी एकाच दिवशी सगळ्यांच्या पिल्लांना लस देण्यात शहाणपण असते.

बकरीचा हिशेब लांब पल्ल्याचा. श्रीवर्धन, म्हसळा आणि मुरूड या तालुक्यांत कोकणी मुसलमानांची वस्ती मोठी आहे, त्यामुळे बोकडाला बकरी ईद ही ठरलेली बाजारपेठ. कुर्बानीचा बोकड किमान वर्षाचा लागतो आणि बकरी गाभण राहिल्यापासून विण्यापर्यंत पाच महिने जातात. म्हणजे ईदच्या निदान १७ महिने आधी बकरी बोकडाला दाखवलेली हवी. त्यात ईद दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे सरकते. २०२५मध्ये ती ७ जूनला होती, २०३०मध्ये एप्रिलात येईल. पावसाळ्यात जन्मलेली करडे ओलीने आणि जंतांनी खंगतात, नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली तरारतात. तेव्हा जून ते सप्टेंबरात बकरी फळवली तर एप्रिलातल्या ईदेला चौदा ते सतरा महिन्यांचे बोकड तयार मिळतात. ही आकडेमोड अनेक घरांत पाटी-पेन्सिलीशिवाय होते.

या पावसात जमिनीवर बांधलेली बकरी टिकत नाही. बांबूच्या किंवा पोफळीच्या चिपांचा हातभर उंच माच केला की लेंड्या आणि मूत खाली पडते, खूर कोरडे राहतात. फणस, उंबर आणि शेवग्याचा पाला हा घराजवळचा चारा. मराठवाड्याच्या कोरड्या हवेतली उस्मानाबादी इथे आणली तर पहिल्या पावसाळ्यात तिला फार जपावे लागते. मूळची सिंधुदुर्गातली कोकण कन्याळ या दमट हवेत रुळलेली असते. पीपीआर आणि आंत्रविषाराच्या लसी पाऊस सुरू होण्यापूर्वी टोचून घ्याव्या लागतात. पाऊस लागल्यावर डॉक्टरला बोलावणारा बहुधा उशीर झाल्यावरच बोलावतो.

गुरांविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. भाताच्या पेंढ्यात कस नाही, जानेवारीनंतर हिरवा चारा नाही, आणि घाटावरून आणलेल्या वैरणीवर दूध परवडत नाही. संकरित गाय इथे बहुतेकदा कर्ज वाढवते. डोंगरातले गवळी धनगर म्हशी राखतात ते वर रान आहे म्हणून. खालच्या गावाला २०१८मध्ये जात म्हणून नोंदली गेलेली कोकण कपिला बरी. दिवसाला दोन-अडीच लिटर दूध देणारी ही लहान चणीची गाय थोड्यात भागवते, आणि राब भाजायला तिचे शेण लागतेच.

खाडीकाठच्या घराचे खरे भांडवल पाण्यात आहे. भरतीचे पाणी जिथे पसरते त्या खाजणात बांध घालून, उघाडी बसवून भातखाचरे करण्याची रीत रायगडात जुनी आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी जिताडा खाडीच्या मुखाजवळ अंडी घालतो आणि त्याची पिल्ले उधाणाच्या पाण्याबरोबर या खाजणांत शिरतात. पेण-अलिबागच्या खारेपाटात ती वेचून गावतळ्यात सोडतात. हा मासा खाऱ्या, मचूळ आणि गोड्या अशा तिन्ही पाण्यांत जगतो, म्हणून पावसाने तळे गोडे झाले तरी बिघडत नाही. चांगले खाणे मिळाले तर वर्षात किलोच्या आसपास भरतो. लहानपणी तो बहुतेक नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो. मोठे मासे सरसकट काढले तर अंडी घालणाऱ्या माद्याच जातात, हे मासेमाराने ध्यानात घ्यावे असे आहे.

जिताड्याची खोड एकच: तो भावंडे खातो. स्वतःच्या अर्ध्याहून जास्त लांबीचे पिल्लूही तो गिळतो. म्हणून सुरुवातीचे दोन महिने दर आठवड्याला पिल्ले आकाराप्रमाणे वेगळी करावी लागतात. हे काम टाळले तर शंभरातली दहा-पंधरा उरतात, पण ती भलतीच गुबगुबीत. खाडीतली पिल्ले दरवर्षी सारखी मिळत नाहीत. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने १९९७मध्ये जिताड्याची बंदिस्त पैदास साधली, तेव्हापासून हॅचरीचे बीज विकत मिळू लागले. त्याला कोरड्या खाद्याची सवय असते. खाडीतले पिल्लू मात्र सुरुवातीला जिवंत किंवा ताजी मासळीच मागते.

तळे खोदण्याला मर्यादा आहेत. तिवरे तोडून तळे करता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८मध्ये कांदळवनतोडीवर पूर्ण बंदी घातली. निमखाऱ्या पाण्याच्या तळ्याला २००५च्या कायद्यानुसार किनारी जलकृषी प्राधिकरणाची नोंदणी लागते. ज्यांच्याकडे खाजण नाही त्यांना पिंजरा हा मार्ग. राज्याच्या कांदळवन कक्षाने २०१७पासून किनारी गावांतल्या गटांना पिंजऱ्यातला जिताडा आणि चिंबोरीपालनासाठी मदत सुरू केली. चिंबोऱ्यांत लहान कुटुंबाला सोपा प्रकार पुष्टीचा: नुकतीच कात टाकलेली पोकळ चिंबोरी स्वस्तात घ्यायची, जाळीच्या कुंपणात तीन-चार आठवडे चिलापी मासळी खाऊ घालायची आणि भरल्यावर विकायची. नांग्या बांधल्या नाहीत तर त्याही एकमेकींना फाडतात.

गोड्या पाण्यातल्या रोहू-कटल्याची शिफारस सरकारी पत्रकांत असते. जांभ्या जमिनीत प्लास्टिक अंथरल्याशिवाय शेततळे पाणी धरत नाही, हा खर्च झाला. आणि ताज्या बोंबलावर वाढलेल्या गिऱ्हाइकाला रोहू विकणे हा दुसरा त्रास.

हे सगळे एकमेकांच्या आधाराने चालते. जाळ्यातली किरकोळ मासळी जिताड्याला जाते. कोळंबीची डोकी आणि मासळीची आतडी उकडून कोंबड्यांना घातली की चालतात. जास्त घातली तर अंड्यांना वास येतो. जवळा मिठाशिवाय वाळवलेला असतो, तो चालतो, पण खारवलेली मासळी कोंबड्यांना बाधते. लेंडीखत माडाला जाते. ते भरमसाट तळ्यात टाकू नये, पहाटे पाण्यातला प्राणवायू घटतो आणि मासे वर येऊन तोंडे उघडू लागतात.

किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९पासून पशुपालक आणि मच्छीमारांनाही लागू आहे, आणि एप्रिल २०२५मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. त्याने कर्ज आणि वीजदराची वाट सुकर झाली. विक्रीची वेळ मात्र घरानेच साधायची. समुद्र बंद असताना जून-जुलैत बाजारात ताजी मासळी तुटपुंजी असते आणि आषाढात मांसमच्छीला मागणी चढलेली असते. तळ्यातला जिताडा काढायचा तो याच दिवसांत, आणि गटारी अमावास्येच्या आत. श्रावण लागला की निम्मे गिऱ्हाईक महिनाभर फिरकत नाही, आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास समुद्रातली मासळीही बाजारात आलेली असते.