पालकांचे आचरण आणि मुलांतील तंबाखूचे व्यसन

चौथीतील एखाद्या मुलाच्या दप्तरात तंबाखूची पुडी सापडली, म्हणजे दोष बहुधा वाईट संगतीवर टाकला जातो. संगतीचा परिणाम होतो हे खरेच. तथापि पुडीची पहिली ओळख पुष्कळदा घरातच झालेली असते. वडिलांनी हाक मारून त्यास पैसे दिलेले असतात व कोपऱ्यावरच्या दुकानातून तंबाखू आणावयास धाडलेले असते. चुन्याची डबी कोठे असते, तंबाखूला चुना किती लागतो, मळून ती ओठाखाली कशी धरावयाची, हे कोणी त्यास मुद्दाम शिकवीत नाही. ते पाहूनच येते.

मशेरीची गोष्ट याहून अवघड आहे. तंबाखू तव्यावर भाजून केलेली ही काळी पूड अनेक घरांत दात घासण्याची वस्तू म्हणूनच ओळखली जाते. आई किंवा आजी ती रोज सकाळी लावते, आणि लेकीचा दात दुखू लागला की तीच बोटावर घेऊन तिच्याही दाताला लावते. येथे व्यसन लावण्याचा हेतू नसतो, माया असते. म्हणूनच धोका कोणाच्या ध्यानी येत नाही. परंतु मशेरी ही तंबाखूच होय. तिच्यातील निकोटीन तोंडातील त्वचेवाटे रक्तात जाते, आणि वाढत्या वयात मेंदूची घडण पुरी झालेली नसल्याने सवय लवकर जडते.

२०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ वर्षे व त्यावरील वयाच्या लोकांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोक तंबाखू घेणारे आढळले. त्यांत धूम्रपान करणारे थोडे, चघळणारे व लावणारेच फार.

मग स्वतः व्यसनी असलेल्या पालकाने मुलास काही सांगूच नये काय? तसे नव्हे. त्याने व्यसन सोडणे सर्वांत उत्तम. पण ते लगेच न साधले, तरी मुलास दुकानात न धाडणे आणि घरात मुलांसमोर तंबाखू न घेणे एवढे त्याच्या हाती असते. मारझोड मात्र व्यर्थ आहे. मार खाल्लेला मुलगा तंबाखू सोडत नाही, ती लपविण्यास शिकतो. शाळा सुटल्यावर मूल कोठे व कोणाबरोबर असते याची सहज चौकशी करणारे घर त्याहून अधिक साधते.

कायद्याची बाजूही पालकांस ठाऊक नसते. २००३ च्या केंद्रीय कायद्यान्वये १८ वर्षांखालील व्यक्तीस, तसेच शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास मनाई आहे. पुडी बापाकरिता नेतो, असे मुलाने सांगितल्याने दुकानदार सुटत नाही. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाप्रमाणे मुलास तंबाखू देणाऱ्यास ७ वर्षांपर्यंत सश्रम कारावास व १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

पालकसभेत हा विषय काढताना शिक्षकाने कोणाचेही नाव घेऊ नये; बापाची लाज निघाली की दुसऱ्या दिवशी वर्गात मुलाची मान खाली जाते. (शिक्षकाच्या खिशातील पुडीही मुलांस दिसत असते, हे येथे सांगितलेले बरे.) मशेरीविषयी मातांशी निराळे बोलावे, आणि तेही शेतावरून परतल्यानंतरच्या वेळी. दुपारच्या सभेस आजीच येते, व मशेरी ती आईहूनही अधिक लावीत असते, तेव्हा तिलाही परत पाठवू नये.