शेतवाटेवरील मोटारसायकल

खडकाळ, रेताड व चिखलाच्या वाटांकरितां मुद्दाम बनविलेली एक मोटारसायकल असते. तीस 'डर्ट बाइक' म्हणतात. तिच्या टायरांच्या गांठी ठळक, शॉक लांब दबणारे, व पुढचा मडगार्ड चाकापासून बराच उंच असतो. श्रीगोंदा तालुक्यांतील शेतकऱ्याजवळ असें वाहन क्वचितच आढळेल. परंतु ज्या वाटांसाठीं तें बनविलें, तशाच वाटांनीं तो आपली डांबरी सडकेची साधी गाडी रोज दोन वेळां नेतो. त्या खेळांतील स्वार डोक्यापासून पावलापर्यंत संरक्षक पोशाख चढवितो. आमचा स्वार टोपी व चपला घालून, मागें दुधाचे कॅन लावून निघतो. यास्तव त्या खेळांतील जाणत्यांचे चार नियम शेतकरी बंधूंनीं समजून घेणें अगत्याचें आहे.

आमच्या तालुक्याची जमीन एकजात नाहीं. मांडवगणकडे मुरूम व सुटे गोटे, तर घोड-भीमेच्या कांठीं भारी काळी. गोट्यांवर पुढचा ब्रेक एकदम दाबला कीं चाक निसटतें. तेथें खालचा गिअर घालून इंजिनानेंच वेग आवरावा व ब्रेक हळूहळू लावावे. काळ्या जमिनीचा धोका निराळा. ती पाणी पिऊन फुगते व चिकटते. थोड्याच अंतरांत टायर व मडगार्ड यांमधील दोन बोटांची जागा चिखलानें गच्च भरते, पुढचें चाक फिरावयाचें थांबतें, आणि स्वार पडतो. डर्ट बाइकचा मडगार्ड उंच असतो तो याच कारणास्तव. चाक जड वाटूं लागतांच उतरून काडीनें चिखल काढावा. ॲक्सिलरेटर पिळून सुटूं पाहूं नये. मोठ्या पावसानंतर तर गाडी सडकेलगत ओळखीच्या वस्तीवर ठेवून पायीं जाणें उत्तम. यांत कमीपणा वाटणाऱ्यांनीं आपले वडील कसे जात होते तें आठवावें.

खडबडीत वाटेवर जाणता स्वार बैठकीवर रेलून बसत नाहीं. फूटरेस्टवर किंचित् उभा राहून तो गुडघ्यांनीं टाकी धरतो व कोपर सैल सोडतो. त्यामुळें गाडी खालीं उसळली तरी अंग उसळत नाहीं. नजर चाकापुढील खड्ड्यावर न ठेवतां वाटेच्या पुढील टप्प्यावर ठेवावी, कारण नजर जेथें तेथें गाडी. ट्रॅक्टरच्या चाकोरींत शिरल्यास तींतूनच सरळ जावें; काठ तिरपा चढूं पाहणारा हमखास आडवा होतो. चाकोरी ओलांडावयाचीच असेल तर शक्य तितकी काटकोनांत ओलांडावी. नदीच्या वाळूंत मात्र उलट रीत: वजन थोडें मागें, वेग एकसारखा, आणि हँडल घट्ट न आवळतां.

टायरांतील हवा कमी केल्यास पकड वाढते हें खरें. परंतु फार कमी केल्यास दगडावर रिम दबते, ट्यूब फाटते, आणि सडकेवर आल्यावर तीच गाडी डगमगते. भार वाहणाऱ्या गाडीनें हा प्रयोग न केलेला बरा.

भाराविषयीं विशेष सांगणें आहे. एका बाजूचा कॅन भरलेला व दुसऱ्या बाजूचा रिकामा अशी गाडी वळणावर स्वाराचें ऐकत नाहीं. विळा, पहार वा फवारणी-पंपाची नळी मोकळी लोंबतां कामा नये. मागें घरची स्त्री एका अंगास पाय सोडून, मांडीवर वैरणीचा भारा घेऊन बसते. तिला धरावयास हात उरत नाहीं, व पदर चाकाकडे जातो. मागच्या चाकाची जाळी गाडीबरोबर मिळते. ती काढून टाकणें हा निव्वळ अविचार होय. भारा दुसऱ्या खेपेस आणावा.

वाटेंत जनावरांसाठीं आडवी बांधलेली तार संध्याकाळीं दिसत नाहीं, आणि ती नेमकी गळ्याच्या उंचीवर येते. बांधणाऱ्यानें तिजवर पांढरें फडकें लावावें. ऊंस उंच झाला कीं वळणापलीकडची बैलगाडी वा ट्रॉली दिसत नाहीं. तेथें हॉर्न देऊन सावकाश जावें. कालव्याच्या भरावावरून दोघांनीं समोरासमोर निघून जाण्याचा हट्ट धरूं नये, एकानें थांबावें. कठडा नसलेल्या विहिरीजवळून अंधारांत जाणें टाळावें.

आतां शिरस्त्राणाविषयीं, ज्यास सर्व लोक हेल्मेट म्हणतात. "शेतापर्यंतच तर जावयाचें" हें उत्तर सर्वत्र ऐकूं येतें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें कलम १२९ सार्वजनिक ठिकाणीं हेल्मेट सक्तीचें करितें, आणि सर्वांस जाण्यायेण्याचा हक्क असलेली पाणंदहि त्यांतच येते. २०२२ सालीं देशांत हेल्मेट न घातलेलीं ५०,०२९ माणसें अपघातांत मरण पावल्याची सरकारी नोंद आहे. उलट पक्षीं, २०१५ सालीं डाकार शर्यत पुरी करणारे पहिले भारतीय सी. एस. संतोष हे निष्णात स्वारहि, पूर्ण पोशाखानिशीं, २०२१ सालीं त्याच शर्यतींत डोक्यास मार लागून बेशुद्ध झाले; ते पुढें बरे झाले. हेल्मेट भारतीय मानक चिन्हाचें घ्यावें व पट्टा हनुवटीखालीं बांधावा. हँडलला टांगलेलें हेल्मेट हँडलचेंच रक्षण करितें.

वाटच अरुंद व अडविलेली असेल तर केवळ सावधपणानें भागत नाहीं. महसुली दफ्तरांत आयुष्य गेल्यामुळें इतकें सांगतों कीं, वहिवाटीच्या वाटेवरील अडथळा काढण्यास १९०६ चा मामलेदार कोर्ट कायदा आहे, आणि बांधावरून नवी वाट मिळविण्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम १४३. अर्ज तहसीलदाराकडे करावा. भाऊबंदकीपायीं वाटेंत दगड टाकणाऱ्याच्या मुलासहि त्याच दगडांतून गाडी न्यावी लागते.

कोणी पडलाच, तर त्यास ओढून उठवूं नये. मान दुखत असल्यास हलवूं नये, शुद्ध नसल्यास पाणी पाजूं नये, श्वास अडत नसेल तर हेल्मेटहि घाईनें उपसूं नये. १०८ क्रमांकावर फोन करून गांव, शिवार व जवळची वस्ती सांगावी, आणि एका माणसास तात्काळ डांबरी सडकेवर उभें करावें. रुग्णवाहिका सडकेपर्यंत येते, परंतु गटनंबरावरून कोणास शेत सांपडत नाहीं.