‘अंगावर काढलं’ कोणत्या रकान्यात लिहायचं?

समजा, लातूर जिल्ह्यात चाकूर तालुक्यातल्या एखाद्या ओसरीवर आरोग्य पाहणीचा माणूस फॉर्म घेऊन बसलाय. तो विचारतो, ‘‘गेल्या पंधरा दिवसांत घरात कुणी आजारी होतं का?’’ म्हातारी म्हणते, ‘‘न्हाई बाबा, समदे बरे हायत.’’ अनुभवी माणूस एवढ्यावर पान उलटत नाही. ‘‘गोळी-बिळी आणली का मेडिकलातून?’’ ‘‘ती तर गुडघ्याची. रोजचंच हाय ते, त्याला काय आजार म्हणतेत?’’

पाहणीचं सगळं अवघडपण या दोन उत्तरांमध्ये आहे. आपल्याकडे दुखणं अंगावर काढतात, आणि अंगावर काढलेलं दुखणं आजार म्हणून सांगायचं कुणाला सुचतच नाही. अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये याच गोष्टीकडे लक्ष वेधलं होतं. लोकांना विचारलं तर केरळात आजारपण जास्त आणि बिहारमध्ये कमी दिसतं. आयुर्मान मात्र केरळाचं कितीतरी अधिक. ज्यांना दवाखाना हाताशी आहे आणि आजाराची जाण आहे, ते आजार सांगतात. म्हणून ‘आजारी कमी’ असा आकडा आला की खूश होण्याआधी प्रश्न कसा विचारला होता ते बघावं.

पंधरा दिवसच का? राष्ट्रीय नमुना पाहणी साध्या दुखण्यासाठी पंधरा दिवसांचं विचारते आणि दवाखान्यात भरती झाल्याबद्दल ३६५ दिवसांचं. ताप महिन्याभरात विसरतो. सलाईन लावून चार दिवस लातूरला काढले, ते वर्षभर लक्षात राहतं. हंगामाचाही फरक पडतो. या पाहणीची ७१वी फेरी जानेवारी ते जून २०१४ अशी झाली, तर ७५वी जुलै २०१७ ते जून २०१८ अशी पूर्ण वर्षभर. पहिलीत पावसाळ्याचे बहुतेक दिवस आलेच नाहीत, त्यामुळे दोन्हींचे आकडे शेजारी ठेवून ‘आजार वाढले’ म्हणणं घाईचं.

घर कसं निवडतात, हा गावकऱ्यांचा हमखास प्रश्न. ‘‘आमच्याच दारी का आलात?’’ राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आधी निवडलेल्या गावातल्या सगळ्या घरांची यादी होते, मग त्यातून २२ घरं ठराविक अंतराने उचलतात. २६४ घरं असतील तर दर बारावं. त्या घराला कुलूप असलं तर शेजारच्याला विचारून चालत नाही, पुन्हा जावं लागतं. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्यांच्या वस्तीत हे नियम पाळणं म्हणजे परीक्षाच. पण तेच कुटुंब गळालं तर दवाखान्यापासून सगळ्यात लांब असलेला माणूसच हिशेबातून जातो.

आता समाधानाचा भाग. ‘सेवा कशी वाटली?’ असं दवाखान्याच्या दारातच विचारलं तर ‘चांगली’ हेच उत्तर येणार. परत तिथंच यायचं असतं, शिवाय कुणाबद्दल वाईट कशाला बोला. म्हणून मत विचारण्यापेक्षा घडलेलं विचारावं: केसपेपर काढल्यापासून डॉक्टरांनी बघेपर्यंत किती वेळ गेला? औषधाची चिठ्ठी बाहेरच्या दुकानाची मिळाली का? येण्या-जाण्याला किती लागले, त्या दिवसाचा रोज बुडाला का? इथं माणूस खडान्‌खडा सांगतो. केंद्र सरकारचा ‘मेरा अस्पताल’ उपक्रम २०१६ पासून रुग्णाला नंतर मेसेज किंवा फोन करून विचारतो; दारातली भीड त्यात कमी होते, पण फोन बहुतेक वेळा मुलाच्या खिशात असतो.

दवाखान्यात न आलेल्यांचं काय? ते दारात सापडतच नाहीत. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीत देशभरात उपचार घेतलेल्या शंभर दुखण्यांपैकी सुमारे ३०च सरकारी दवाखान्यात गेली होती. बाकी बहुतेक खासगीत. म्हणूनच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी घरी जाऊन विचारते, सरकारी दवाखान्यात का जात नाही? जवळ नाही, वेळ सोयीची नाही, माणसं जागेवर नसतात, फार थांबावं लागतं, असे पर्याय फॉर्मवर असतात. ते वाचून दाखवले की माणूस पहिल्यालाच मान हलवतो. आपल्या शब्दांत बोलू द्यावं, मग खूण करावी.

शेजारच्या धाराशिव (तेव्हाच्या उस्मानाबाद) जिल्ह्यात २००७ नंतर याहून वेगळा प्रयोग झाला. लोकाधारित देखरेखीत गावानेच आरोग्य सेवांचं प्रगतिपुस्तक भरलं. हिरवा, पिवळा, लाल असे रंग देऊन ते जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडलं गेलं. तिथं भीड मोडायला शेजारी सोबतीला होते. ओसरीवरच्या फॉर्ममध्ये ती सोय नाही. तिथं म्हातारी एकटी असते, आणि सून चहा घेऊन आली की गुडघ्याचा विषय बदलतो.