'पांढरं पीस दाखवणं' म्हणजे काय? कोंबड्यांच्या झुंजीतून आलेल्या इंग्रजी वाक्प्रचाराची गोष्ट

चंद्रपूर-गडचिरोलीकरांना 'कोंबडा बाजार' म्हणजे काय, हे सांगायला नको. जंगलाच्या आडोशाला जमलेली गर्दी, कोंबड्याच्या पायाला बांधलेली धारदार काती आणि लागलेल्या पैजा. मग कधी पोलिसांची धाड पडते आणि दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते. पण याच खेळाने इंग्रजीला एक वाक्प्रचार दिलाय, हे माहीत आहे का? 'शो द व्हाइट फेदर', म्हणजेच पांढरं पीस दाखवणं.

अर्थ काय?

ऐनवेळी घाबरून माघार घेणं. मराठीत आपण 'कच खाल्ली' किंवा 'शेपूट घातली' म्हणतो, तेच.

हा आला कुठून?

इंग्लंडमध्ये एकेकाळी कोंबड्यांच्या झुंजींवर मोठ्या पैजा लागायच्या. शेपटीत पांढरं पीस असलेला कोंबडा अस्सल झुंजार जातीचा नसतो, असा तेव्हा समज होता. फ्रान्सिस ग्रोस यांच्या 1785 च्या कोशात हाच खुलासा दिलेला आहे. 1835 मध्ये तिथे कायद्याने झुंजींवर बंदी आली, पण शब्द टिकले. झुंजीच्या रिंगणाला 'कॉकपिट' म्हणत. तोच शब्द पुढे जहाजात आणि नंतर विमानात पोहोचला.

1914 मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि अ‍ॅडमिरल चार्ल्स फिट्झगेराल्ड यांनी एक मोहीम काढली. साध्या कपड्यातला तरुण दिसला की बायका भररस्त्यात त्याच्या हातात पांढरं पीस द्यायच्या. लाजेपोटी तरी त्याने सैन्यात जावं, हा हेतू. सुट्टीवर आलेल्या सैनिकांनाही अशी पिसं मिळाली.

आपल्याकडे कायदा काय सांगतो?

1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार झुंज लावणं आणि त्यासाठी जागा देणं, दोन्ही गुन्हे आहेत. मात्र पहिल्या गुन्ह्याला दंड आहे फक्त 10 ते 50 रुपये. त्याशिवाय 1887 चा जुगार प्रतिबंध कायदाही लागू होतो. सार्वजनिक जागी पक्ष्यांची झुंज लावणाऱ्याला पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात, तिथे मदत करणाऱ्यालाही.

दंड किरकोळ असला तरी नुकसान किरकोळ नसतं. धान विकून आलेला पैसा एका झुंजीत जाऊ शकतो. 'घाबरलास का?' असं म्हणून कुणी पैजेसाठी डिवचत असेल, तर सरळ घरी निघून या. याला शेपूट घालणं म्हणत नाहीत.